दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

आमच्या ह्यांनी जन्मात दारूला बोट लावलं नाही. हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता मलाच ते वकिलाच्या तोंडचं वाटायला लागलंय. पण आहे ते खरं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात ह्यांनी फिटरची नोकरी केली. पगाराच्या दिवशी निम्मं वर्कशॉप गुत्त्याच्या वाटेला लागायचं, आणि ईश्वर फिटर मात्र घराच्या वाटेला, हातात जिलेबीचा पुडा. व्यसन म्हणाल तर तेवढंच, गोडाचं. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. शेंगापोळी समोर आली की ताटात किती पडल्या याचं भान नसायचं. पुढं साखर रक्तात उतरली तेव्हा मी पोळ्या बंद केल्या, तर हे शेजारी जाऊन खाऊन यायचे.

दारूवर मात्र ह्यांचा भारी राग. थोरल्या भावाला तिनं नेलं, तेव्हापासूनचा. रिटायर होऊन सोलापुरात राहायला आलो आणि विहारात दर रविवारी वंदना झाली की ह्यांचं व्यसनमुक्तीवर भाषण सुरू झालं. एका पेंटरकडून जाड कापडावर दोन लिव्हर काढून घेतलेली. एक लालबुंद, तुकतुकीत. दुसरं काळं, खडबडीत, ढेकळासारखं. हातात लाकडी पट्टी. काळ्यावर पट्टी आपटून म्हणायचे, "ह्ये एकाच गोष्टीनं असं व्हतं. आन एकदा काळं पडलं की परत लाल व्हत न्हाय. खेळ खल्लास." बायका आपापल्या नवऱ्याकडं बघायच्या आणि नवरे चपलांकडं.

विहाराच्या समोरच रिक्षा स्टॉप. तिथं धुळाप्पा असायचा. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी बोलणारा, स्वभावानं गरीब गाय. दिवसभर तो रिक्षा चालवायचा आणि दिवेलागणीनंतर त्यालाच कुणीतरी चालवत घरी न्यावं लागायचं. 'खेळ खल्लास' म्हणताना ह्यांचा आवाज जो चढायचा तो खास धुळाप्पाला ऐकू जावा म्हणून. तो आपला रिक्षाची काच पुसत ऐकत राहायचा.

मी सगळी नोकरी बालवाडीत केली. भीती घालून लहान पोर पाटीवर अक्षर काढत नाही, मोठं माणूस तर काय ऐकणार, असं मी ह्यांना सांगून पाहिलं. त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. "तुजी पोरं पाटीवर थुकत्यात. माजी पोरं घरं बुडवत्यात."

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस. त्याचे पाय सुजायला लागले. जिना चढला की दम, जेवण अर्ध्यावर. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं की यकृत आकसून कडक झालंय, सिरॉसिस आहे. डॉक्टर पुढं बराच वेळ बोलत होते. जुन्या साखरेनं, यकृतात चरबी साचून साचूनही असं होतं, त्याला दारूच लागते असं नाही, वगैरे. ह्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला, लिव्हर. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरून म्हणाले, "चांगुणा, कुनाला बोलायचं न्हाय. इचारलं तर ॲसिडिटी."

डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दुर्बीण घालून घ्या असंही सांगितलं होतं. असल्या आजारात अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्या वेळेत बघितलेल्या बऱ्या. पण त्या हॉस्पिटलात आमच्या गल्लीची मथुराबाई फरशी पुसते. मथुराबाईच्या नजरेला पडलं म्हणजे विहाराच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. हे आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मी ओरडले, अबोला धरला, लेकीला फोन करायला लावला. ढिम्म हलले नाहीत.

मग एका आठवड्यात मला शंका यायला लागली. संडासातून आले की हे बादलीवर बादली पाणी ओतायचे आणि दार लावून घ्यायचे. बालवाडीतलं पोर चड्डी ओली झाली की जसं भिंतीला पाठ लावून सरकतं, तसं ह्यांचं वागणं. मी विचारलं तर म्हणाले, "लोहाच्या गोळ्या चालू हायती. काळं व्हनारच की." गोळ्या मीच देत होते, लोहाची त्यात एकही नव्हती. आतून रक्त झिरपलं की संडासला काळं होतं, हे डॉक्टरांनी बजावलेलं. दुसऱ्याच दिवशी उचलून न्यायचं मी मनाशी ठरवलं. दुसरा दिवस रविवार होता.

पांढरा सदरा, पांढरा लेंगा घालून हे विहारात गेले. वंदना झाली. तक्ता टांगला, पट्टी उचलली आणि काळ्या लिव्हरपर्यंत पट्टी पोचायच्या आधीच हे वाकले. भळाभळा रक्ताची उलटी. पांढऱ्या सदऱ्यावर, फरशीवर, पहिल्या रांगेतल्या सतरंजीवर. मी जागेवरून उठेपर्यंत रस्त्यापलीकडून धुळाप्पा धावत आला होता. त्यानं ह्यांना पोत्यासारखं नाही, लेकरासारखं उचललं आणि रिक्षात घातलं. सकाळची वेळ, धुळाप्पा शुद्धीत होता. हॉर्नवरचा हात त्यानं हॉस्पिटलचं फाटक येईपर्यंत काढला नाही.

तिथं डॉक्टर उत्कर्षा होत्या. आमच्या लेकीच्या वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला. नाडी बघता बघता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं पितात?"

मी तोंड उघडायच्या आत धुळाप्पा म्हणाला, "लई वर्सं झाली की, मॅडम. पन मी. ह्ये न्हाय पीत."

"मग तुम्ही बाहेर थांबा," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दोन्ही हातांना सुया. एकीकडून सलाईन, दुसरीकडून रक्ताची पिशवी. शिरांमधला दाब उतरवणारं औषध चालू केलं, जंतू वाढू नयेत म्हणून इंजेक्शन दिलं. मग जरा स्थिर वाटल्यावर आत नेऊन घशातून दुर्बीण सोडली, फुटलेली शीर शोधली आणि तिला बारीक रबरी रिंग घालून आवळून टाकलं. शेजारच्या फुगलेल्या होत्या त्यांनाही रिंगा घातल्या. मी दाराबाहेर उभी. बालवाडीच्या बाईनं रडायचं नसतं, पोरं बघतात, ही सवय इतकी मुरलेली की रडू आलंच नाही. पदराचं टोक तेवढं चावून ओलं केलं. हा माणूस गेला तर मी ओरडू कुणावर, हेच सारखं मनात येत होतं.

हे गेले नाहीत. दोन दिवसांनी उशाला टेकून बसले तेव्हा उत्कर्षा मॅडमनी खुर्ची ओढून सगळं समजावलं. पोटातलं रक्त यकृतातून पुढं जायला हवं. यकृतच कडक झालं, वाट बंद. मग ते रक्त आडवाटेनं अन्ननलिकेतल्या नाजूक शिरांत घुसतं.

"म्हंजी फुडं लाईन चोक आन मागं प्रेशर," हे म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मग बारीक पायपी फुटनारच की."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांच्या तोंडावर तरतरी दिसली. कुणीतरी ह्यांच्याशी वर्कशॉपच्या भाषेत बोललं होतं. मॅडमनी मग एक गोळी लिहून दिली. ती प्रेशर उतरवते, नाडी जरा मंद करते, घाबरून बंद करायची नाही. साखर सांभाळायची, मीठ कमी. आणि खरी गोष्ट शेवटी सांगितली. रिंगा एकदा घालून भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत दुर्बीण, परत रिंगा, सगळ्या शिरा बुजेपर्यंत. "नाही आलात तर उरलेली शीर फुटेल, काका. आणि दर वेळी रिक्षा दारात असेल असं नाही."

घरी आल्यावर माणसं भेटायला यायला लागली. सोलापूरचीच माणसं, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन यायची. मॅडमनी तर मऊ खायला सांगितलेलं. ती पापडासारखी भाकरी घशातून उतरताना रिंगच खरवडून काढेल, ही भीती. मी भाकरी आत नेऊन डब्यात टाकायची आणि ह्यांच्यापुढं गुरगुट्या भात ठेवायची. भाकरीबरोबर लोक जे बोलायचे त्याचं मात्र काही मऊ करता येत नव्हतं.

"दादा, कवापासनं?" एकजण हळूच.

"आमाला तर वास बी आला न्हाय," दुसरा.

तोंडावर कुणी टाकून बोललं नाही. पण किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. लोकांचं तरी काय चुकलं? लिव्हर एकाच गोष्टीनं जातं, हे दर रविवारी ऐकून त्यांचं पाठ झालं होतं, आणि पाठ करून घेणारा हाच माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, पण फास संन्याशानंच वळलेला. ह्यांनी तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला. विहारात जायचं बंद केलं. संध्याकाळी ओट्यावर बसायचे तेही सोडलं.

रिंगांची तारीख जवळ आली तेव्हा सरळ सांगितलं, "मी न्हाय जात."

"का?"

"त्या दुर्बिनीच्या खोलीपुढं बाक हाय. समदं बेवडं बसत्यात त्याच्यावर. मथुराबाई सकाळ-दुपार तितंच फरशी पुसती. म्या तितं जाऊन बसलो म्हंजी सही केल्यावानी झालं."

"आणि शीर फुटली म्हंजे?"

"फुटू दे. नाव तरी ऱ्हाईल."

मला जो काही संताप आला! नाव काय भाकरीला लावून खाऊ का मी, असं विचारलं. हे भिंतीकडं तोंड करून निजले. उठल्यावर म्हणाले, एक तोड आहे. मॅडमकडून दाखला आण. सदर इसम दारू पीत नाही, शिक्क्यासकट. विहाराच्या बोर्डावर लावतो, मग जातो बाकावर.

वर्कशॉपात जन्म गेला की माणसाला शिक्क्याशिवाय काही खरं वाटत नाही. मी गेले. लाजत लाजत मॅडमना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "दाखला देईन मी, खोटं काही नाही त्यात. पण मावशी, बाहेर बसलेत त्यांच्याही शिरा मी तेवढ्याच घट्ट बांधते. पिणाऱ्याची सैल आणि न पिणाऱ्याची पक्की, असं करत नाही. आणि शीर काही दाखला वाचून थांबत नाही, एवढं काकांना सांगा."

मी दाखला न घेताच परत आले आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी त्या दिवशी भातही अर्धा ठेवला. तारीख उलटून गेली.

मला झोप लागेना. जरा खोकले तरी मी उठून तोंड बघायची, रक्त नाही ना. शेवटी एका सकाळी मी रिक्षा स्टॉपवर जाऊन धुळाप्पाला गाठलं. म्हटलं, ज्यानं एकदा उचलून नेलं त्यानंच दुसऱ्यांदा न्यावं. हातपाय झाडले तरी सोडू नको, वाटलं तर तोंडात बोळा कोंब. तो म्हणाला, "चला की, बाई."

घरी आला, पण उंबऱ्यातच बसला. मी चहा दिला तर नको म्हणाला. दाराची चौकट धरून बसला होता. मला वाटलं, ह्यांना काय म्हणायचं या विचारात असेल. आमचे हे कॉटवर बसून त्याच्याकडं बघत होते. फिटरची नजर, कुठं काय गळतंय ते तिला आधी दिसतं.

"काय रं, डोळं पिवळं?"

"पितो त्याचं पिवळंच व्हनार की, दादा."

"संडासला कसं हुतंय?"

धुळाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी आत वळले, पण कान तिथंच होते.

"काळं?" ह्यांनी विचारलं.

"चार-पाच दिस झालं. डांबरावानी."

"आन दवाखान्यात का गेला न्हाईस?"

यावर धुळाप्पा जे बोलला त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गिऱ्हाइकाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. "तुमीच म्हनत व्हता की, दादा. एकदा काळं पडलं की परत लाल व्हत न्हाय, खेळ खल्लास. मग मनलं कशाला जायचं. हात चालत्यात तवर रिक्षा चालवायची."

मी दारात येऊन उभी राहिले. लग्न झाल्यापासून ह्यांचं तोंड बघतेय. भाऊ गेला तेव्हाचं बघितलं, विहारात रक्त पडलं तेव्हाचंही. इतकं उतरलेलं कधी बघितलं नव्हतं. ह्यांनी खुंटीवरचा सदरा काढून घातला, बटणं लावली. मग चपला पायात सरकवल्या.

"चल."

"कुटं?" धुळाप्पा म्हणाला.

"दवाखान्यात. माजी तारीख हाय."

"ती गेली की. बाईच सांगत व्हत्या."

"आज हाय मनलं ना. ऊठ."

धुळाप्पाला त्यांनी हँडलला हात लावू दिला नाही. स्टॉपवरच्या दुसऱ्या रिक्षावाल्याला बोलावलं आणि धुळाप्पा आपल्याच रिक्षात मागच्या सीटवर बसला, आम्हा दोघांच्या मध्ये. त्याच्या बायकोला फोन लागेना. ती वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. वाटेत त्याच्या भावाला, सिदूला, फोन करून बोलावून घेतलं.

हॉस्पिटलात धुळाप्पाला आधी बघितलं. रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं, दाब उतरवायचं औषध चालू केलं आणि दुर्बिणीच्या खोलीबाहेर चाकाच्या खुर्चीत बसवलं. शेजारी तोच बाक. हे एकदा त्या बाकाकडं बघून, धोतराचा सोगा नसतानाही तो सावरल्यासारखं करून बसले. मी त्यांच्याजवळ. समोर मथुराबाई फरशी पुसत होती. आम्हाला बघून तिचे हात सावकाश चालायला लागले.

केसपेपर लिहिणाऱ्या सिस्टरनी धुळाप्पाला विचारलं, "दारू घेता?"

धुळाप्पानं मथुराबाईकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "इल्ल... न्हाय," तो म्हणाला.

"कधीच नाही?"

"कवाच न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. कालच्याचा वास अजून तोंडाला होता. पण सिस्टरना घाई, त्या पुढं गेल्या. जरा वेळानं दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांना मिळून सांगितलं. जे कुणी दारू घेतात त्यांनी दुर्बिणीआधी पलीकडच्या खोलीत चला, मॅडम बोलणार आहेत. रोजची दारू अचानक तुटली की हातपाय थरथरतात, माणूस बडबडायला लागतो, कधी झटके येतात. आधी कळलं तर औषध देता येतं. लपवू नका, तुमच्याच जिवाशी खेळ आहे.

कुणी उठलं नाही. सगळा बाक एका दमात माळकरी झाला. धुळाप्पानं मान खाली घातली होती आणि मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरला होता. तो हात थरथरत होता, मला दिसत होतं. म्हणजे ह्यांनाही दिसत असणार.

मला वाटलं हे आता सिस्टरना सांगतील, हा पितो म्हणून. इतकी वर्षं रस्त्यापलीकडून सांगितलंच होतं की. गुडघ्यावर हात टेकवून हे उठून उभे राहिले.

मथुराबाईचा पोचा थांबला. "अगं बाई. दादा, तुमीबी?"

"सर जरा," हे म्हणाले. "ओलं हाय, पाय घसरंल." आणि धुळाप्पाच्या खुर्चीच्या मागं जाऊन तिची मूठ धरली. "चल रं."

धुळाप्पा मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिला. मीही बघत राहिले. माझ्या तोंडात शब्द आला होता, मथुराबाईला आणि त्या सगळ्या बाकाला ऐकवायचा. मी तो गिळला. मला त्या क्षणी ह्यांचा जितका अभिमान वाटला तितकाच रागही आला. खुर्ची ढकलायला ह्यांना जोर पुरत नव्हता, म्हणून मी उठून दुसरी बाजू धरली.

आत उत्कर्षा मॅडमनी आम्हाला बघितलं आणि भुवया उंचावल्या. "काका, तुम्ही इथं कसे?"

"ह्याच्यासंगं," हे म्हणाले.

मॅडमनी दार लावून घेतलं आणि धुळाप्पाच्या समोर बसल्या. धुळाप्पा आधी फरशीकडं बघत होता. मग एकदा ह्यांच्याकडं बघून सांगायला लागला आणि सगळं सांगितलं. किती, कधीपासून, सकाळी हात ठरत नाही म्हणून कधीकधी सकाळीही. हे शेजारी बसून ऐकत होते. पट्टीवाला माणूस, एकदाही मध्ये बोलला नाही.

दोघांच्याही शिरांना रिंगा बसल्या. धुळाप्पाची एक शीर झिरपत होती, अजून थोडे दिवस गेले असते तर फुटलीच असती, असं मॅडम म्हणाल्या. त्याला वॉर्डात ठेवून घेतलं, सिदू त्याच्याजवळ थांबला. ह्यांना संध्याकाळी घरी सोडलं.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "पंचशीलातलं पाचवं जन्मभर सांभाळलं, दारूला शिवला नाहीत. आज चौथं मोडलं. खोटं बोललात."

घसा दुखत होता, तरी म्हणाले, "मी कुटं काय बोललो? नुस्ता उठलो."

"समद्या गल्लीत बोभाटा होणार आता."

"व्हय." माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुला त्रास हुईल."

मी म्हटलं, तुमच्याशी लग्न केलं तेव्हापासून होतोय, नवीन काय त्यात. हात मात्र सोडवून घेतला नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा मथुराबाई आमच्याआधी पोचली होती, हे लगेच कळलं. ओट्यांवर माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. गल्लीच्या तोंडालाच धुळाप्पाचं घर, त्याची बायको दारात डबा बांधून उभी होती. सिदूनं तिला फोनवर दवाखान्यात आहे एवढंच सांगितलेलं, त्यामुळं तिचा चेहरा पांढराफटक. हे घराकडं न वळता आधी तिच्याकडं गेले.

"बरा हाय," हे म्हणाले. "शिरा बांदल्यात. वेळंत गेला."

"पन दादा, त्येचं लिव्हर..." तिला पुढं बोलवेना. "तुमी म्हनत व्हता न्हवं का, खेळ..."

"चुकीचं म्हनत व्हतो." ओट्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढायला ह्यांना कष्ट पडले. "परत लाल न्हाय व्हत. पन पिनं सोडलं, गोळी खाल्ली, येळेला जाऊन शिरा बांदून घेतल्या, तर मानूस जगतंय. लई वर्सं जगतंय. कुनाला संडासला काळं हुत आसंल तर लपवू नका."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग ह्यांच्या सुजलेल्या पायांकडं बघून तिनं अगदी साध्या मनानं विचारलं, "आनी दादा, तुमाला काय हाय?"

सगळी गल्ली कान देऊन होती. साखर, चरबी, शेंगापोळ्या, सगळं सांगायला इतकी चांगली वेळ ह्यांना परत मिळाली नसती. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"मलाबी तेच हाय," हे म्हणाले.

मी ह्यांचं कोपर धरलं आणि आम्ही घराकडं निघालो. भात टाकायचा होता.